आज्ञा देवाची, भार कुणावर?



ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते, म्हणून वर्गात ज्यावर सहसा कुणी बोलत नाही असा विषय मी मुद्दाम निवडला आहे. एक माणूस म्हणतो, देवाने मला अनेक बायका करायला सांगितलं. त्याचे काही अनुयायी ते मानतात. काही मानत नाहीत, पण त्यांतलेही बरेच जण त्याला देवाचा माणूस म्हणणं सोडत नाहीत. अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाच्या आरंभकाळातली ही हकीकत. लोक ती चवीने सांगतात, हसण्यावारी नेतात आणि श्रद्धा म्हणजे शेवटी असलंच काहीतरी, असं म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. मी वारकरी घरातला. देव माणसाशी बोलतो, स्वप्नात येतो, काम सांगतो, यावर माझा विश्वास आहे. आणि ज्याचा असा विश्वास आहे त्यालाच हा प्रश्न खरा बोचतो: देव बोलला असं कुणी म्हणालं, तर मान कधी तुकवावी आणि कधी थांबावं?

वाणगावात हा विषय परका वाटेल. तो तसा नाही, हे आधी दाखवतो.

जुलै 1951. मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्यापुढे ‘मुंबई राज्य विरुद्ध नरसू अप्पा माळी’ हे प्रकरण चाललं. पहिली बायको असताना हिंदू पुरुषाने दुसरं लग्न करू नये, असा कायदा मुंबई इलाख्याने 1946 साली केला होता. त्या कायद्याला आव्हान होतं. हा आमच्या धर्मस्वातंत्र्यावर घाला आहे, आणि बंदी फक्त हिंदूंनाच का, असा सवाल होता. पुत्राशिवाय गती नाही, म्हणून पुत्रासाठी दुसरी बायको, हा जुना युक्तिवादही चर्चेत आलाच. छागलांनी त्यावर साधं उत्तर दिलं: पुत्र दत्तकही घेता येतो. पुढे, श्रद्धा वेगळी आणि आचरण वेगळं, श्रद्धेला राज्याने हात लावू नये पण आचरणाला लावता येतो, हे सांगताना त्यांनी दाखला दिला तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1890 सालच्या ‘डेव्हिस विरुद्ध बीसन’ या निकालाचा. तो निकाल मॉर्मनांच्या बहुपत्नीत्वावरचा.

याच्या उलट प्रवास त्याआधीच झाला होता. 1879 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जॉर्ज रेनॉल्ड्स या मॉर्मन गृहस्थाच्या खटल्याचा निकाल दिला. दुसरं लग्न हे माझं धर्मकर्तव्य आहे, असं तो म्हणत होता. न्यायालयाने विचारलं, एखाद्या बाईला नवऱ्याच्या चितेवर जळणं हे आपलं धर्मकर्तव्य वाटलं, तर सरकारने ते थांबवायचं नाही का? म्हणजे मॉर्मनांना गप्प करायला अमेरिकेने आपल्याकडची सती नेली, आणि नंतर मुंबईने दुसऱ्या लग्नाच्या प्रकरणात त्यांचे मॉर्मन आणले. दोन्ही देशांतल्या न्यायाधीशांना दुसऱ्याच्या घरातली बाई दाखला म्हणून उपयोगी पडली. ती बाई स्वतः काय म्हणत होती, हे दोन्हीकडे कुणी फारसं विचारलं नाही.

आणखी एक धागा आहे. ह्यू फिंडले नावाचे मॉर्मन धर्मप्रचारक 1852 साली मुंबईत उतरले. मुंबईत आणि पुण्यात त्यांनी दोन-तीन वर्षं काम केलं. मराठ्यांना उद्देशून एक छोटी पुस्तिकाही काढली. त्यांच्या हाताला लागले ते मुख्यतः छावणीतले गोरे. त्याच 1852 सालच्या ऑगस्टमध्ये सॉल्ट लेक सिटीत तेव्हाचे पंथप्रमुख ब्रिगम यंग यांच्या पुढाकाराने पंथाने आपलं बहुपत्नीत्व पहिल्यांदा जाहीरपणे कबूल केलं, आणि ती बातमी इथे पोचल्यावर प्रचारकांचं काम आणखी अवघड झालं.

आता मूळ प्रसंगाकडे येतो. तो जवळून पाहण्यासारखा आहे.

जोसेफ स्मिथ 1805 साली व्हरमाँटमध्ये, कष्टाळू पण सदा ओढगस्तीत असलेल्या शेतकरी घरात जन्मला. 1830 साली त्याने ‘बुक ऑफ मॉर्मन’ प्रसिद्ध केलं आणि 6 एप्रिलला पंथाची स्थापना केली. त्याला आदेश व्हायचे. तो बोलायचा, लेखनिक लिहून घ्यायचा. 12 जुलै 1843 च्या सकाळी इलिनॉय राज्यातल्या नॉव्हू गावी, दुकानाच्या माडीवरच्या कचेरीत, तो, त्याचा भाऊ हायरम आणि लेखनिक विल्यम क्लेटन बसले होते. विषय होता जोसेफची बायको एमा. अनेक बायकांची गोष्ट तिला सहन होत नव्हती. हायरम म्हणाला, तू आदेश लिहून दे, मी तो वहिनीला वाचून दाखवतो, तिला पटेल. जोसेफ म्हणाला, एमाला तू माझ्याइतकं ओळखत नाहीस. तरी त्याने सांगितलं, क्लेटनने लिहिलं. हायरम कागद घेऊन गेला आणि परत आला तो पडलेल्या चेहऱ्याने. जन्मात कुणी आपल्याला इतकं बोललं नव्हतं, असं तो म्हणाला. ही हकीकत क्लेटननेच पुढे सांगून ठेवली आहे.

हा आदेश आज त्यांच्या धर्मग्रंथाचा 132 वा विभाग आहे. त्यात अब्राहम आहे, हागार आहे, दावीद आहे, शलमोन आहे. आणि मधोमध एमा आहे, नाव घेऊन. जोसेफला ज्या बायका दिल्या गेल्या त्यांना तिने स्वीकारावं, नाहीतर तिचा नाश होईल, असं तिला बजावलं आहे. त्याच आदेशात पुढे एक तरतूद आहे. पुरुषाला दुसरी करायची असेल तर आधी पहिलीची संमती विचारावी. अब्राहमाच्या बायकोवरून तिला साराचा नियम म्हणतात. पहिलीने नकार दिला तर? मग दोष तिचा, आणि नवरा त्या नियमातून मोकळा. संमती विचारायची, पण नकाराला किंमत द्यायची नाही. या संपूर्ण विषयात मला सर्वांत जड गेलेली जागा हीच.

इथे आपल्याकडे वळून पाहायला हवं, नाहीतर आपण फार सहज न्यायाधीश होऊ. तुकोबांची पहिली बायको रखमा दम्याने आजारी, म्हणून जिजाईशी दुसरं लग्न झालं. त्यासाठी कुणाला आदेश झाला नाही, कुणी मागितलाही नाही. मूल नाही, मुलगा नाही, बायको आजारी, घरात माणूस हवं. आपल्याकडे एवढी कारणं पुरायची. रीत होती. सवतीवरच्या ओव्या जात्यावर म्हणणाऱ्या बायांना ती रीत काय असते ते ठाऊक होतं. जोसेफ ज्या समाजात राहत होता तिथे एकच बायको हा कायदाही होता आणि धर्मही. त्याच्या स्वतःच्या ‘बुक ऑफ मॉर्मन’मध्ये अनेक बायका करण्याचा धिक्कार आहे, देवाची तशी आज्ञा असेल तर गोष्ट वेगळी, एवढीच फट ठेवून. म्हणून त्याला थेट देवाचा शब्द लागला. आपल्याकडे रूढीने जे ओझं बाईवर टाकलं ते तिथे आदेशाने टाकलं. कोणतं हलकं, हे मी ठरवणार नाही. पण एवढं नक्की, की आदेशाने टाकलेल्या ओझ्याबद्दल देवाला जाब विचारता येतो. रूढीला तोंडच नसतं.

याच जोसेफचा दहा वर्षं आधीचा, फेब्रुवारी 1833 चा एक आदेश आहे. अमेरिकेतल्या कर्टलंड गावी माडीवरच्या खोलीत तो धर्मोपदेशकांची शाळा चालवायचा. मंडळी पाइप ओढत, तंबाखू चघळत, जमिनीवर थुंकत. दुसऱ्या दिवशी ती जमीन घासायला एमा. तिने तक्रार केली. जोसेफने देवाला विचारलं, आणि आदेश झाला: दारू नको, तंबाखू नको, गरम पेयं नकोत. आज जगभरचे मॉर्मन चहा-कॉफीदेखील घेत नाहीत, ते त्या आदेशामुळे. ब्रिगम यंग यांनी सांगितलेली ही हकीकत खरी धरली, तर एका आदेशाची सुरुवात एमाच्या तक्रारीतून झाली आणि दुसऱ्याची तिच्या नकारातून. पहिल्याने तिचे हात थोडे मोकळे केले. दुसऱ्याने तिच्या डोक्यावर धमकी ठेवली. पहिल्या आदेशाने जोसेफलाही काही सोडावं लागलं. दुसऱ्यात लाभ त्याचाच. प्रेषित एकच, बोलण्याची रीत एकच, दावाही एकच. श्रद्धावान माणसाला यातला फरक दिसायला हवा, आणि तो दिसण्यासाठी श्रद्धा टाकावी लागत नाही, असं मी म्हणतो.

आता आपल्या किनाऱ्यावर येऊ. कारण दारू सोडा असा आदेश देवाने एकट्या कर्टलंडमध्ये दिलेला नाही.

1922 साली पालघरच्या किनाऱ्यावर, मांगेला कोळ्यांच्या वस्त्यांत, देवीचं वारं सुरू झालं. आधी तो रोगाच्या देवीला शांत करण्याचा विधी होता. तिथून ते वारं पूर्वेला जंगलपट्टीतल्या आदिवासींकडे गेलं, उत्तरेला सरकत दक्षिण गुजरातेत शिरलं आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरात सुरत जिल्ह्यात हजारोंच्या सभा भरू लागल्या. देवीला सलाबाई म्हणत. ती डोंगरातून आली असं सांगत. मांडवात लोक जमायचे. समोर ज्यांच्या अंगात येई ते बसत, हातात लाल फडकं, डोकं घुमायला लागे आणि देवी बोले. दारू सोडा. ताडी सोडा. मांस-मासळी सोडा. रोज आंघोळ करा, घर-अंगण स्वच्छ ठेवा. पुढे त्यात दारूचे गुत्ते चालवणाऱ्या मालकांकडे कामाला जाऊ नका, हेही आलं, आणि काही ठिकाणी गांधींचं नाव आणि चरखाही. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने 1987 साली या चळवळीवर एक संपूर्ण पुस्तक लिहिलं. ते वाचताना मला वाटत राहिलं की या पट्ट्यातल्या प्रत्येक शाळेत याचा एक धडा हवा.

का, ते सांगतो. 1878 च्या अबकारी कायद्याने मोहाची दारू घरी गाळणं गुन्हा ठरवलं. सरकारी भट्टीची दारू मक्तेदाराच्या दुकानातून विकत घ्यायची. पैसे नसतील तर उधार. उधारी फिटत नसेल तर वेठ. दारू आणि कर्ज ही एकच दोरी होती. आणि तिचं दुसरं टोक लग्नाला बांधलेलं होतं. गोदावरी परुळेकरांनी 1945 पासून तलासरी-उंबरगाव-डहाणूच्या पट्ट्यात काम करताना जे पाहिलं ते ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहून ठेवलं आहे. त्यातला लग्नगडी हा शब्द इथल्या जुन्या माणसांना समजावून सांगावा लागत नाही. लग्नासाठी सावकाराकडून थोडे रुपये घ्यायचे आणि त्याबदल्यात नवरा-बायको दोघांनी त्याच्या वाड्यावर आयुष्यभर राबायचं. गड्याच्या बायकोवर मालक आपला हक्क समजायचा. त्याला कोणत्याही देवाच्या आदेशाची गरज भासली नाही.

या पार्श्वभूमीवर देवीची आज्ञा ऐका. दारू सोडा म्हणजे गुत्त्याची पायरी सोडा, उधारी सोडा. ज्याने आज्ञा ऐकली त्याचीच सवय सुटायची होती, त्याचीच जीभ मारली जायची होती. मासळीवर पोट असलेल्या माणसाला मासळी सोड म्हणणं ही केवढी कठीण आज्ञा. ती फार काळ टिकणारी नव्हतीच. पण भार ज्याच्या त्याच्या अंगावर होता. बोलणाऱ्याला त्यातून मालमत्ता मिळाली नाही, बाई मिळाली नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. देवी कुणाच्याही अंगात येत होती. पुरुषाच्या, बाईच्या, या पाड्यावर, त्या पाड्यावर. सलाबाईचा एकच अधिकृत प्रवक्ता असा कुणी झाला नाही. मॉर्मन पंथात याच्या अगदी उलट झालं, आणि तेही फार लवकर. पंथ स्थापन होऊन सहा महिनेही झाले नव्हते, तेव्हा हायरम पेज नावाचा एक सदस्य म्हणू लागला की मलाही एका दगडातून आदेश येतात. सप्टेंबर 1830 मध्ये जोसेफला आदेश झाला की संपूर्ण पंथासाठी आज्ञा घेण्याचा अधिकार फक्त जोसेफचा. पंथ एकसंध राहायचा तर हे लागतं, हे मला समजतं. शंभर तोंडांतून शंभर देव बोलू लागले तर गाव टिकत नाही. देवीच्या चळवळीतही पुढे फूट पडली. आज्ञा पाळणारे वर्जेला आणि पुन्हा जुन्या वळणावर गेलेले सर्जेला, असे तट पडले आणि सोयरिकींतही दुरावा आला. पण एकाच तोंडातून देव बोलणार असं ठरलं, की तेरा वर्षांनी त्या तोंडातून एमाबद्दल जे आलं त्याला उत्तर द्यायला एमाकडे काही उरलं नाही. तिला देवाशी बोलता येत होतं. पण तिच्याशी देव बोलला, असं पंथाने मानण्याची सोय नव्हती.

आता ज्यांनी मानलं त्यांच्याबद्दल. हा भाग टाळला तर मी अप्रामाणिक ठरेन.

ल्यूसी वॉकर सतरा वर्षांची होती. आई वारलेली, वडील गावाबाहेर गेलेले, ती स्मिथांच्याच घरात राहत होती. जोसेफने तिला सांगितलं, देवाची आज्ञा आहे, तू माझी पत्नी व्हावंस. तिने नकार दिला. त्याने तिला उद्यापर्यंतची मुदत दिली आणि म्हणाला, माझं ऐकू नकोस, स्वतः देवाला विचार. तिने रात्र प्रार्थनेत काढली. पहाटेच्या सुमारास खोली प्रकाशाने भरून गेली आणि मन शांत झालं, असं तिने पुढे आयुष्यभर सांगितलं. 1 मे 1843 ला विवाह झाला. हेलन मार किंबल तर जोसेफशी विवाह झाला तेव्हा चौदा वर्षांची होती. तिनेही प्रौढपणी बहुपत्नीत्वाच्या समर्थनार्थ पुस्तिका लिहिल्या. पंथाने स्वतः 2014 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात जोसेफच्या अशा विवाहांची संख्या काळजीपूर्वक अंदाजाने तीस ते चाळीस दिली आहे, आणि हेलनचं वयही लपवलेलं नाही. त्या प्रामाणिकपणाचा मी आदर करतो.

ल्यूसीच्या खोलीतला प्रकाश खोटा होता, असं मी म्हणणार नाही. तो अधिकार मला नाही. पण आई नसलेली, त्याच घराच्या आश्रयाला असलेली मुलगी, हातात एक रात्र, आणि मागणारा तोच ज्याच्या तोंडून देव बोलतो; अशा वेळी ‘स्वतः विचार’ या शब्दांत कितीसं स्वातंत्र्य उरतं, हे विचारण्याचा अधिकार मात्र प्रत्येक श्रद्धावानाला आहे. आज्ञा आणणाराच त्या आज्ञेचा लाभ घेणारा असेल तर निदान मध्ये तिसरं माणूस असावं. आपल्याकडे साधं शेत विकायचं तरी दोन साक्षीदार लागतात.

याच बायांनी पुढे जे केलं तेही विसरू नये. जानेवारी 1870 मध्ये सॉल्ट लेक सिटीत हजारो मॉर्मन स्त्रियांनी सभा भरवून बहुपत्नीत्वविरोधी विधेयकाचा निषेध केला. त्याच वर्षी युटामधल्या स्त्रियांना मताचा हक्क मिळाला, आणि 1887 च्या कायद्याने वॉशिंग्टनने तो काढून घेतला. बायांना सोडवायला निघालेल्या सरकारने बायांचंच मत काढून घेतलं. डॉ. मार्था ह्यूज कॅनन ही अँगस कॅननची चौथी पत्नी. 1896 साली युटाच्या सिनेटच्या निवडणुकीत तिच्या विरुद्ध पक्षाकडून तिचा नवराच उमेदवार होता. ती निवडून आली. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याच्या सिनेटमध्ये निवडून आलेली ती पहिली स्त्री. अनेक बायकांच्या घरातल्या प्रत्येक बाईला बापुडी म्हणून बाजूला सारणाऱ्यांना ही एक बाई पुरे आहे.

आणि ज्यांनी मानलं नाही? विल्यम लॉ हा जोसेफचा निकटचा सल्लागार होता. जोसेफ खरा प्रेषित होता पण मार्गावरून ढळला, असं तो म्हणू लागला. 7 जून 1844 ला त्याने आणि सहकाऱ्यांनी ‘नॉव्हू एक्स्पोझिटर’ हे वृत्तपत्र काढलं, त्यात बहुपत्नीत्व उघड केलं. एकच अंक निघाला. छापखाना मोडून टाकण्याचा हुकूम झाला, त्यावरून जोसेफला अटक झाली आणि 27 जूनला कार्थेजच्या तुरुंगात जमावाने त्याला आणि हायरमला गोळ्या घातल्या. एमा ब्रिगम यंगबरोबर पश्चिमेला गेली नाही. नॉव्हूतच राहिली. नवऱ्याला प्रेषित मानत राहिली आणि 1879 साली मरण्यापूर्वी मुलांना म्हणाली, त्यांना माझ्याशिवाय दुसरी बायको नव्हती. ते खरं नव्हतं. एवढी करारी बाई असं का म्हणाली असेल, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. प्रेषित ठेवायचा आणि ती आज्ञा ठेवायची नाही, याला तिच्याकडे तेवढा एकच रस्ता उरला होता, असं मला वाटतं.

तिच्या नकारातून दुसरी शाखा उभी राहिली. 1860 साली एमाचा मुलगा जोसेफ तिसरा त्या शाखेचा प्रमुख झाला. बहुपत्नीत्व नाही, पण ‘बुक ऑफ मॉर्मन’ आहे, आदेशही होतात. 1984 साली त्या शाखेचे प्रमुख वॉलेस स्मिथ, म्हणजे एमाचे पणतू, यांना आदेश झाला की स्त्रियांनाही पुरोहितपद द्यावं. काही लोक पंथ सोडून गेले. बाकीच्यांनी मानलं. मोठ्या शाखेतही आदेशानेच वळण आलं. 1890 साली सरकारने मालमत्ता जप्त करत आणल्यावर अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी जाहीरनामा काढला की यापुढे असे विवाह नाहीत. हे थांबवलं नाही तर काय होईल ते देवाने आपल्याला दाखवलं, असं ते म्हणाले. सरकारी दडपणाखाली आलेला आदेश म्हणून बाहेरचे त्याला हसले. मला त्यात हसण्यासारखं दिसत नाही. संकटात सापडलेल्या माणसाने देवाला विचारू नये, तर कधी विचारावं?

आमच्या वारकरी परंपरेत साक्षात्काराची कसोटी कशी झाली, ते बहिणाबाईंच्या चरित्रात दिसतं. वेरूळजवळच्या देवगावची ब्राह्मणाची मुलगी, लहानपणीच वयाने पुष्कळ मोठ्या बिजवराला दिलेली. कोल्हापुरात असताना तुकोबांनी स्वप्नात येऊन तिला उपदेश केला. ब्राह्मण बाई आणि गुरू शूद्र! नवऱ्याने तिला मारलं, बांधून घातलं, घर सोडून जायला निघाला. तिने तो साक्षात्कार सोडला नाही, आणि नवऱ्यालाही सोडलं नाही. पुढे नवरा तिला घेऊन देहूला आला. स्वप्न पडलं ते घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसाला, त्याची शिक्षा भोगली तिनेच, आणि त्या बळावर तिने कुणाकडे काही मागितलं नाही. तुकोबांनाही स्वप्नातच आज्ञा झाली होती, नामदेव आणि पांडुरंग येऊन कवित्व कर म्हणाले, आणि त्या आज्ञेपायी इंद्रायणीत वह्या बुडाल्या त्या त्यांच्याच. जोसेफलाही आदेशांपायी जीव गमवावा लागला, हे मी नाकारत नाही. पण 12 जुलैच्या त्या कागदापुरतं बोलायचं तर भार एमावर होता.

आपल्या डहाणूच्या महालक्ष्मीचीच कथा घ्या. विवळवेढ्याच्या गडावर देवीला जाणारी एक गरोदर भक्तीण चढताना कोसळली, तेव्हा देवी म्हणाली, तू वर येऊ नकोस, मीच पायथ्याला येते. चैत्रात यात्रेला जाणाऱ्या प्रत्येकाने ही कथा ऐकलेली असते. बाईला चढ झेपेना म्हणून जागा बदलणारी देवी ज्या लोकांनी शतकानुशतकं पुजली, त्यांना आदेश कसा ओळखावा हे बाहेरून येऊन कुणी शिकवायला नको.

कायद्याबद्दल थोडं. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने हिंदूंसाठी एकपत्नीत्व देशभर आणलं. पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात म्हटलं आहे की केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू नाही. म्हणजे नरसू अप्पांच्या प्रकरणात जो प्रश्न न्यायालयाने सोडवला, तो वारली, मल्हार कोळी, कोकणा यांच्या पाड्यांवर रीतीवरच सोडून दिलेला आहे. नवऱ्याने दुसरी आणली तर पहिलीने कुठे जायचं, हे जमातीचे पंच ठरवणार. मी ते वाईट मानत नाही. वारल्यांचं लग्न लावते ती धवलेरी, बाई. देवचौकासमोर तिचं गाणं झाल्याशिवाय लग्न लागत नाही. पैशाअभावी लग्न लांबलेली जोडपी पोरांना कडेवर घेऊन मांडवात उभी राहतात, तेव्हाही तीच गाते. ज्या समाजाने लग्न लावण्याचा अधिकार बाईकडे ठेवला, त्याने लग्न मोडताना किंवा दुसरं होताना पंचांच्या बैठकीत बाईला बसवावं, धवलेरीलाच बसवावं, ही मागणी मी इथे करतो. त्यासाठी संसदेची वाट पाहावी लागत नाही.

आणि एक काम शिक्षकांकडे मागतो, कारण व्याख्यानमाला शिक्षकाच्या नावाची आहे. 1922 ची देवी पाहिलेलं आता कुणी नाही. पण त्यांची नातवंडं आहेत. चिंचणी, तारापूर, सातपाटी, डहाणू, किनाऱ्यावरच्या आणि डोंगराकडच्या गावांत त्यांना शोधा. मुलांना वह्या द्या आणि घरी पाठवा. देवी कुणाच्या अंगात आली होती, ती काय बोलली, घरातलं काय सुटलं, किती दिवस सुटलं, भांडणं काय झाली, ते लिहून घ्या. आजोबांना विचाराच, पण आजीला वेगळं बसवून विचारा.